सुभद्राबाईंचा पूर्वपक्ष

कासारवाडी,
९ जानेवारी १९५६

चि. ज्योतीराम,

आशीर्वाद घे, आणि त्यात थोडे मीरासाहेबाचेही घे, नाहीतर तो पत्र लिहिणार नाही म्हणतो. स्टेशनजवळचं सायकलचं दुकान तसंच टाकून आलाय बिचारा. हाताला ग्रीस आहे, तेव्हा कागदावर डाग दिसला तर आजी रडली असं समजू नकोस. माझा मानलेला भाऊ झाल्याची शिक्षा भोगतोय. दर भाऊबिजेला मी त्याला ओवाळते आणि त्याची ओवाळणी म्हणून तो वर्षभर माझी पत्रं लिहितो. पण मी 'हाय' म्हणते तिथं हा 'आहे' लिहितो. म्हणतो, "आक्का, नातू एम.ए. झालाय, पत्र शुद्ध गेलं पाहिजे." मी म्हटलं, नातू माझ्या 'हाय'वरच वाढलाय.

तर बातमी अशी, की आळंदीहून उद्धवबुवांचा होकार आला. दिवाळीत तू त्यांची सुमन बघून आलास आणि भोसरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाहीस, तेव्हाच मी ओळखलं की पसंत आहे. बुवा कीर्तन करतात, वारकरी पोरांना शिकवतात, माणूस सरळ आहे. हुंडा नाही, मानपान नाही. एकच अट घातली. त्यांच्या घरची मुलगी माळकऱ्याच्याच घरात जाते, तेव्हा साखरपुड्याआधी तू गळ्यात तुळशीची माळ घालायची. मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. मटण तसंही तुला पचत नाही.

माझा शब्द गेलाय. आता गळा तेवढा तुझा पाहिजे.

तुझी आजी सुभद्रा

---

अमळनेर,
१६ जानेवारी

ती. आजी,

वाकून नमस्कार. मुलगी पसंत आहे. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना मीरामामा चष्मा काढून ठेवतील.

माळ मी घालू शकत नाही. आजी, देव आहे असं मला आता वाटत नाही. इथं तत्त्वज्ञान शिकायला आल्यापासून देव आहे हे पटवून देणारे ग्रंथ मी मन लावून वाचले. खरं सांगतो, पटावं म्हणूनच वाचले. एकेक युक्तिवाद उचलून पाहिला, तर खाली काही नाही.

माळ नुसता दागिना असता तर तुझ्यासाठी दोन घातल्या असत्या. पण ती शपथ आहे. सुमन आपल्या घरात येणार ती माझ्या खोट्या शपथेवर विश्वास ठेवून, हे मला सहन होणार नाही. तुझा शब्द मोडतोय हे कळतं. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

ज्योतीराम

---

कासारवाडी,
२३ जानेवारी

चि. ज्योतीराम,

देवाचा अभ्यास करायला तुला खानदेशात धाडला आणि तू तिथं जाऊन देवच हरवून बसलास. छत्री हरवली असतीस तर दुसरी तरी घेतली असती.

मीरासाहेबाने तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा दार लावून.

आता माझं ऐक. परवा पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना बघून आले, बाहेरूनच. धुरांडं काय, टाक्या काय, नळ तर असे की शेवया वाळत घातल्यात. तिथं आधी काय होतं? कुसळं. मग हा कारखाना कुसळांतून आपोआप उगवला का? कुणीतरी बांधला तेव्हा झाला. आणि हा डोंगर-नद्यांचा एवढा मोठा कारखाना, सूर्याची शिफ्ट संपली की चंद्र हजर, कधी संप नाही की खाडा नाही, तो मात्र बिनमालकाचा?

दुसरं विरजणाचं. आज दही लावायचं तर कालचं विरजण लागतं. आपलं संपलं तर शेजारच्या शालनबाईकडून आणायचं, तिनं तिच्या आईकडून आणलेलं, आईनं सासूकडून. असं मागं मागं जात राहिलं तर पहिलं विरजण कुठून आलं? कुणीतरी दिल्याशिवाय?

सांग बरं. आणि नीट सांग, उगाच आजीचं मन राखू नकोस. मन राखणारे गावात पुष्कळ आहेत.

आजी

---

अमळनेर,
३० जानेवारी

ती. आजी,

तुझे दोन्ही मुद्दे मी इथल्या सरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे युक्तिवाद फार जुने आहेत, मोठमोठ्या पंडितांनी मांडलेले. तुमच्या आजींनी ते कुणाकडून उसने घेतलेले दिसत नाहीत." माझी छाती फुगली. आता खोडतो.

कारखाना एका माणसाने बांधला का? कुणी नकाशा काढला, कुणी लोखंड ओतलं, आपल्याच गावच्या गवंड्यांनी विटा रचल्या. त्याआधी जगात कितीतरी कारखाने बांधून, पाडून, पुन्हा बांधून माणूस शिकला. तुझ्या दाखल्यावरून चाललं तर जगाचा एक मालक निघत नाही, कमिटी निघते. आणि महापूर नि पटकीच्या साथी पाहिल्या तर कमिटी अजून शिकाऊ आहे असंही म्हणावं लागेल.

विरजणाचं तर तुलाच माहीत आहे. एकदा विरजण नासलं होतं आणि शालनकाकूंशी तुझा अबोला होता. तू कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकलीस. सकाळी दही लागलं होतं, आणि तू ते मुद्दाम शालनकाकूंना वाटीभर पाठवलंस. म्हणजे दह्याच्या आधी दहीच हवं असं नाही. जगाच्या आधीही जगासारखंच किंवा त्याहून मोठं कुणी असायला हवं असं नाही.

तुझ्याशी भांडताना जेवढं शिकतो तेवढं इथं कुठे शिकत नाही.

ज्योतीराम

---

कासारवाडी,
६ फेब्रुवारी

चि. ज्योतीराम,

कमिटी ऐकून मला हसता हसता ठसका लागला. अरे, तेहतीस कोटी म्हणजे दुसरं काय? आमच्यात तर पहिल्यापासूनच कमिटी आहे. चिडला तो मीरासाहेब. म्हणतो, "आक्का, खाली लिहितो बरं का, आमच्याकडं कमिटी नाही. एकच मालक." लिही म्हटलं बाबा, तुमचं तुमच्यापाशी.

मिरचीची देठं उडी मारून दुधात पडली नव्हती, मी टाकली होती. पण राहू दे. तू तेही खोडशील, आणि तू खोडलंस की मला आनंदच होईल, तेव्हा भांडणात माझा उपयोग काय! ह्या पोराला मी बोट धरून शाळेत घातलं होतं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

पण एक सांगते. आपण काय म्हणतो? देव मानतो, म्हणतो. देव सिद्ध करतो, असं कुणी म्हणतं का? हा मीरासाहेब माझा भाऊ. एका आईच्या पोटचा नाही, धर्माचा नाही, भावकीतला नाही. मानलेला. तुझा बाप दौलत गेला तेव्हा माझा सख्खा भाऊ सावकाश आला. हा सगळ्यांच्या आधी अंगणात उभा होता. मग मानलेला म्हणजे खोटा का? सख्खा असतो, मानलेला होतो, एवढाच फरक. तसाच देव मान. आहे का नाही हे करत बसू नकोस. मान, आणि माळ घाल.

आजी

(मधल्या ओळीवरचा डाग ग्रीसचाच आहे. — मीरासाहेब)

---

अमळनेर,
१३ फेब्रुवारी

ती. आजी,

मानलेल्या भावाचा दाखला माझ्या एकाही ग्रंथात नाही. सरांनी तो वहीत उतरवून घेतला. मला उत्तर सुचलं तेव्हा वाईट वाटलं.

मानल्याने माणूस भाऊ होतो, पण मानल्याने माणूस होत नाही. मीरामामा आधी दुकानात बसलेले होते, मग तू त्यांना भाऊ मानलंस. रिकाम्या पाटाला ओवाळता येत नाही. देवाचा पाट रिकामा आहे की नाही, हाच तर माझा प्रश्न आहे.

आणि तो पाट रिकामा वाटायला लागला तो ग्रंथांमुळे नाही. बाबांच्या पायाला नांगराचा फाळ लागला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई तर मला आठवतही नाही. बाबांचा पाय काळा पडत चालला होता. तू मला देवापुढे बसवलंस, म्हणालीस, "सबूर धर, लहान लेकराचं तो ऐकतो." मी बसलो. जेवायलाही उठलो नाही. त्याने ऐकलं नाही.

आज आपल्या शेतापासून हाकेच्या अंतरावर ते औषध तयार होतंय, जे बाबांना वाचवू शकलं असतं. बुरशीतून निघतं. बुरशी देवानेच केली म्हणशील. मग बाबांचा पाय सडत होता तेव्हा ती आपल्या दारापर्यंत पोचवायला त्याला काय झालं होतं? तो असून त्याने ऐकलं नाही, असं मानण्यापेक्षा तो नाहीच, असं मानणं हा त्याच्यावर कमी अन्याय आहे, असं मला वाटतं.

ज्योतीराम

---

कासारवाडी,
८ मार्च

चि. ज्योतीराम,

पत्राला उशीर झाला. तुला वाटलं असेल आजी रुसली. रुसले नाही. तुझं पत्र वाचून झालं तसा मीरासाहेब म्हणाला, "सबूर, असं लिहूया." मी म्हटलं, तो शब्द लिहू नकोस. पोर नऊ वर्षांचं असताना मी तोच सांगितला होता.

तुझा तो प्रश्न माझाही आहे. मी पण देवाला तेच विचारते. दौलत गेल्यापासून रोज दिवा लावताना भांडते त्याच्याशी. नसलेल्याशी इतकं भांडण होईल का? हे दाखला म्हणून नाही लिहीत, सहज आलं तोंडात.

मग मी आळंदीला गेले. शब्द माझा होता, परत घ्यायलाही मलाच जायला हवं. मीरासाहेब सोबत होता. बुवा ओसरीवर पोरांना घेऊन बसले होते. मी म्हटलं, "बुवा, माझा नातू माळ घालणार न्हाई. का न्हाई, तेवढं ऐकून घ्या." आणि तुझं सगळं म्हणून दाखवलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे कानात पडलेलं सांडत नाही. कमिटी सांगितली, मिरचीची देठं सांगितली, रिकामा पाट सांगितला. दौलतचा पायही सांगितला.

बुवा आधी नुसते ऐकत होते. मग मान डोलवायला लागले. मग पोरांना म्हणाले, "ऐका रे, पूर्वपक्ष मांडावा तर असा! हातचं राखून नाही!" आता पूर्वपक्ष काय ते मला काय ठाऊक? मला वाटलं, पितृपक्षासारखं काही असेल, दौलतचं नाव निघालं म्हणून म्हणाले. मी पदर सावरून हात जोडले. मागून मीरासाहेबाने कानात सांगितलं, की शास्त्रीबुवा लोक आधी समोरच्याचं म्हणणं जोरात मांडतात, त्याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि मग ते खोडून आपलं सांगतात तो उत्तरपक्ष. बुवांना वाटलं, तुझी हुशारी दाखवायला मी अर्धं सांगतेय आणि आता देव आहे ते सांगणार.

माझं बोलणं संपलं. बुवा वाट बघत राहिले. पोरं वाट बघत राहिली.

"आता उत्तरपक्ष?" बुवा म्हणाले.

"उत्तरपक्ष न्हाई, बुवा. माझा नातू एवढाच हाय."

(इथं मी 'हाय'च लिहिलं आहे. — मीरासाहेब)

बुवांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत, पण म्हणाले, "मग मुलगी देणं जड आहे, बाई." त्यांचंही खोटं नाही. मी उठले. तेवढ्यात सुमन ताक घेऊन बाहेर आली. दाराआडून सगळं ऐकलं होतं तिनं. बापाकडे न बघता मला म्हणाली, "आजी, त्यांना माझं एक विचाराल? मी लहानपणापासून पहाटे दळताना त्याच्याशी बोलते. अभंग नाही म्हणत, नुसती बोलते. कुणाला सांगितलं नाही आजवर. तो नसेल, तर मी कुणाशी बोलते?"

बुवा म्हणाले, "ह्याचं उत्तर येऊ द्या. मग बघू."

तेव्हा आता सांभाळून लिही. खोटं लिहू नकोस, आणि हुशारीही नको. मुलगी मला फार आवडली. ताकसुद्धा चांगलं होतं.

आजी

---

अमळनेर,
१७ मार्च

ती. आजी,

हे पत्र तुला आहे, पण मीरामामांनी ते आळंदीला उद्धवबुवांसमोर आणि सुमनसमोर वाचावं. सगळं वाचावं.

आधी तुझ्या भांडणाचं. नसलेल्याशीही भांडता येतं, आजी. चुलीपुढे तू अजून बाबांशी भांडतेस. "फाळ बसवताना लक्ष कुठं होतं तुझं," म्हणतेस. मी झोपेचं सोंग घेऊन कितीदा ऐकलंय.

हे लिहिलं आणि वाटलं, सुमनच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. माणूस नसलेल्याशी बोलू शकतो, ते ऐकणारं आपलंच मन असतं. उत्तर बिनतोड होतं. तसं कागदावर उतरवलं, आणि पुन्हा वाचताना माझं लक्ष एका शब्दावर अडलं. मी बाबांना 'नसलेला' म्हणालो होतो. तुला चुलीपुढे दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं, की बाई, कुणाशी बोलता, तिथं कुणी नाही, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. मग बाबा आहेत का? नाहीत. तरी 'नाहीत' म्हणून मला पुरेसं खरं बोलल्यासारखं वाटत नाही.

यावरून देव सिद्ध होत नाही. बुवांनी तसा अर्थ काढू नये. पण 'देव नाही' असं जे मी ठासून लिहिलं, ते मला ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त होतं. ते मागे घेतो. माझं खरं उत्तर एवढंच: मला माहीत नाही. सुमन पहाटे कुणाशी बोलते, मला माहीत नाही. कुणी ऐकत नाही, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. नक्की ऐकतो, असं सांगण्याचाही नाही, कारण मी स्वतः एकदा बसून पाहिलं आहे. तिने बोलत राहावं. आमच्या घरी तिला कुणी हसणार नाही.

माळ मी घालणार नाही. 'माहीत नाही'ची माळ नसते. एवढ्यावर बुवा नको म्हणाले तर मी राग धरणार नाही. दुःख फार होईल. तेही लिहितो, कारण तेवढं मात्र मला नक्की माहीत आहे.

ज्योतीराम

---

कासारवाडी,
२६ मार्च

चि. ज्योतीराम,

मेल्या, झोपेचं सोंग घेऊन पडायचास होय! एस.टी.त मी मीरासाहेबाला म्हटलं, ते चुलीपुढचं गाळ. तो म्हणाला, "आक्का, सगळं वाचावं असं लिहिलंय, मी काय पत्रात खोट करू?" वाचलं बाबा सगळं. ओसरीवरची वारकरी पोरं माझ्याकडे बघत बसली, आणि मी खांबाकडे.

वाचून झालं तसं बुवांनी पत्र मागून हातात घेतलं. मग म्हणाले, "माझ्याकडे माळ मागायला इतके जण येतात. 'माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. सगळ्यांना माहीत असतं." मग सुमनकडे वळले. "तुझं उत्तर आलं का?"

ती म्हणाली, "आबा, 'तू वेडी आहेस' असं येईल म्हणून मी भीत होते. आणि 'हो हो, देव आहेच' असं आलं असतं, तर जास्त भ्याले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते माझ्यासाठी खोटं बोलले असते. मग पुढं आयुष्यभर खरं कुठलं ते कसं ओळखू?"

बुवांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं आता. डोळे उघडून म्हणाले, "मुलगी देतो. माळेची अट काढली. वादाची घालतो. घरी येईल त्या प्रत्येक एकादशीला त्याने माझ्यासमोर बसायचं, आणि पूर्वपक्ष मांडायचा. उत्तरपक्ष माझा."

मीरासाहेबाला राहवलं नाही. "बुवा, एकादशीला तुम्ही उपाशी, तो जेवलेला. ही कुस्ती बरोबरीची न्हाई."

"मग त्यानेही उपाशी यावं," बुवा म्हणाले. "देव न मानणाऱ्याला साबुदाणा चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

तेव्हा पाडवा झाला की साखरपुडा. मी दिलेला शब्द मोडला आणि तरी नातसून आणली, असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसेल. तुझ्यामुळं जमलं. तुझं पत्र ऐकताना मला अभिमान वाटला, एवढंच म्हणते, जास्त म्हटलं तर मीरासाहेब डोळे पुसत बसतो आणि लिहिणं राहून जातं. काल दिवा लावताना मी देवालाही सांगितलं, पोरगं 'नाही'वरून 'माहीत नाही'वर आलं. एक पाऊल ते सरकलं. आता एक तू सरक.

निघताना सुमन मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. कानाशी लागून म्हणाली, "आजी, ते नेहमीच असं खरं बोलतात का?"

"व्हय गं बाई," मी म्हटलं, "तीच तर पंचाईत हाय."

ती थोडं पुढं गेली, थांबली आणि म्हणाली, "मग साखरपुड्याला कुठलं पातळ नेसू, ते तुम्हीच सांगा. त्यांना नको विचारायला."

तुझी आजी सुभद्रा